लंपन आधी की जोशी?

इंदूरच्या मराठी घरातल्या तेरा ते सोळा वयाच्या मुलाला पहिले मोठे मराठी पुस्तक कोणते द्यावे, असे विचारले की बहुधा दोन नावे पुढे येतात: मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणि प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’. ही नावे केवळ आमच्या पिढीची आवड म्हणून येतात असेही नाही. आमच्या वसाहतीत उन्हाळ्याच्या सुटीत भरणाऱ्या वाचनगटातल्या मुलांना, तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी एक पुस्तक सुचवा, असे सांगितले तेव्हा तीही फिरून याच दोघांपाशी आली आणि मग त्यांच्यात सरळ दोन तट पडले. गटाच्या निधीत एकाच पुस्तकाच्या पुरेशा प्रती बसत होत्या, म्हणून निवड मला करावी लागली. ती कशी केली हे सांगतो. ज्यांना घरातल्या एका मुलासाठी हाच निर्णय घ्यायचा आहे, त्यांना कदाचित उपयोग होईल.

इंग्रजी पुस्तकांना या तुलनेत घेतलेले नाही. ‘हंगर गेम्स’ किंवा जॉन ग्रीन यांच्या कादंबऱ्या मुले एकमेकांकडून आपणहून मिळवतात आणि त्यासाठी त्यांना कोणा काकांच्या सल्ल्याची गरज पडत नाही. ‘फास्टर फेणे’ चांगलाच आहे, पण आठवी-नववीतली मुले त्याला धाकट्यांचे पुस्तक मानतात आणि ते मत बदलण्यात शक्ती घालवू नये, असे मला वाटते.

दोन्ही पुस्तके मौज प्रकाशनाची. दोन्हींत एक मुलगा स्वतः आपली हकीकत सांगतो. आणि दोन्हींची गंमत अशी की, लिहिताना लेखकासमोर केवळ किशोरवयीन वाचक होता असे कुठेही जाणवत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती या वयाच्या मुलांना आवडतात. आपल्याला समजावून सांगण्यासाठी कोणी खाली वाकले आहे, ही भावना त्यांना मुळीच सहन होत नाही. ‘वनवास’ १९९४ मधले, ‘शाळा’ २००४ मधली. काटेकोरपणे पाहिले तर ‘वनवास’ हा कथासंग्रह आहे, पण त्यातल्या कथा लंपन नावाच्या एकाच मुलाच्या असल्याने आणि पुढच्या ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ व ‘झुंबर’ या पुस्तकांतही तोच मुलगा पुढे जात असल्याने मुले त्याला बेधडक कादंबरी म्हणतात. मीही आता त्यांना दुरुस्त करत नाही.

‘शाळा’च्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी सांगितलेले बरे. मुकुंद जोशी नववीत आहे, म्हणजे वाचणाऱ्याच्या बरोबरीचा. वर्गातली शिक्षकांची टोपणनावे, चौघा मित्रांचा अड्डा, घरी एक आणि बाहेर एक असे जगणे, शिरोडकर दिसली की होणारी घालमेल, आणि मुलांशी मोकळेपणाने बोलणारा नरूमामा, हे सगळे इंदूरच्या मुलाला परके वाटत नाही. आणीबाणीचा काळ पार्श्वभूमीला आहे. तो मुलांना माहीत नसतो, पण जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशात काय चालले होते हे चार वाक्यांत सांगितले की पुढचे पुस्तकच त्यांना समजावते. मोठ्यांच्या राजकारणाची झळ मुलांच्या वर्गापर्यंत कशी येते, हे बोकील ज्या आडवळणाने दाखवतात तसे मी मराठीत फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. पुस्तक म्हणून दोन्हींपैकी अधिक भक्कम बांधणीचे कोणते, असे परीक्षेत विचारले तर मी बहुधा ‘शाळा’च लिहीन.

चित्रपटाची अडचण लोक मोठी मानतात. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ २०१२ साली आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि आता पुस्तक पुढे केले की “पाहिलाय” असे उत्तर येते. पण २०२४ साली लंपनवरही मालिका आली, तेव्हा या बाबतीत दोघे जवळपास बरोबरीला आले आहेत. माझा निर्णय त्यावर झाला नाही.

निर्णय झाला तो एका अगदी घरगुती कटकटीवर, आणि ती समजण्यासाठी आमच्याकडची मुले मराठी कशी वाचतात ते ध्यानात घ्यावे लागेल. पुण्याकडच्या वाचकाला हा अनुभव सहसा येणार नाही. इथली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे सराईत येते, त्यामुळे मराठी पान ती अडखळल्याविना वाचतात आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळे समजते आहे. प्रत्यक्षात घरात जेवढे मराठी कानावर पडते तेवढेच त्यांचे असते. त्यापलीकडचा शब्द आला की ती आईला, बाबांना किंवा बहुतेक वेळा आजीला विचारतात. शब्दकोश उघडणारे मूल मी अजून पाहिलेले नाही. म्हणजे इंदूरमध्ये मराठी पुस्तक वाचणे हे एकट्याचे काम नसते; बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात, आजीच्या हाकेच्या अंतरावर बसून, मधूनमधून प्रश्न विचारत ते वाचले जाते.

‘शाळा’ तशी वाचता येत नाही. चार मुलांची आपसातली भाषा त्यात जशीच्या तशी आहे, आणि तीच तिची ताकद आहे. पण ती मुंबईच्या आसपासच्या, सत्तरीच्या दशकातल्या पोरांची खासगी भाषा आहे. मुलींविषयी, मास्तरांविषयी, शरीराविषयी ती मुले जे बोलतात त्यातले बरेच काही आमच्या मुलांना कळत नाही, आणि कळत नाही म्हणून कोणाला विचारावे तर ते विचारण्यासारखे नाही, एवढे मात्र त्यांना पक्के कळते. गटातल्या एका मुलाने पेन्सिलीने अडलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या होत्या. आईने मोठ्या कौतुकाने “दाखव, मी सांगते” म्हटले, तेव्हा त्याने त्यातले निरुपद्रवी शब्द तेवढे निवडून वाचून दाखवले आणि बाकीच्या रेघा रात्री खोडून टाकल्या. इंटरनेटवर शोधावे तर हिंदी अर्थ येतो, तो भलताच असतो. मग पुस्तक उशीखाली जाते, दार लावून वाचले जाते, अडले की पाने उलटली जातात आणि शेवटी बाजूला पडते. पुस्तकात आक्षेपार्ह काही आहे असे मी मुळीच म्हणत नाही. नववीतली मुले असेच बोलतात आणि बोकीलांनी ते प्रामाणिकपणे लिहिले आहे. माझी तक्रार एवढीच आहे की, ज्या मुलाला मराठीसाठी घरातल्यांचा आधार लागतो, त्याचा नेमका तो आधार हे पुस्तक काढून घेते.

या कटकटीचा पुरावा मला मुलांच्या शिफारशींतच दिसला. ‘शाळा’ सुचवणारी मुले ती मित्राला सुचवत होती, हळू आवाजात आणि डोळे मिचकावून. ‘वनवास’ सुचवणाऱ्यांनी ते धाकट्या बहिणीला दिले होते, आणि एकीने तर आजीलाच वाचायला लावले होते.

‘वनवास’ भाषेच्या दृष्टीने सोपे आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. लंपन आई-वडिलांपासून दूर, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावात आजी-आजोबांकडे राहतो, आणि त्याच्या मराठीत कानडी मिसळलेले आहे. वाक्यांची ठेवण वेगळी आहे, हेलही वेगळा, आणि काही शब्द इंदूरच्या आजीलाही ठाऊक नसतात, कारण तिचे माहेर फार तर नागपूर नाहीतर धार. पण इथेच मौज आहे. मुलगा विचारतो, आजी विचारात पडते, “असेल काहीतरी कानडी” म्हणते, दोघे संदर्भावरून अंदाज बांधतात आणि वाचन पुढे सरकते. न कळणाऱ्या शब्दाची इथे कोणालाच लाज वाटत नाही.

त्याहून खोल एक गोष्ट आहे, जी मी आधी लक्षात घेतली नव्हती आणि गटातल्या एका मुलीने सांगितली. इथल्या मुलांच्या मराठीत हिंदी शिरलेले आहे. ती ‘ते पुस्तक’ न म्हणता ‘ती पुस्तक’ म्हणतात, आणि सुटीत पुण्याला गेली की मावसभावंडे त्यांना हसतात. त्यामुळे मराठी पुस्तक म्हणजे आपल्या चुका दाखवणारी वस्तू, अशी एक धास्ती त्यांच्या मनात असते. लंपनचे बोलणे वाचून ती मुलगी म्हणाली, “काका, हा पण बॉर्डरवालाच आहे ना? आमच्यासारखं बोलतो, आणि तरी छापलंय.” सीमेवरचे मराठी आणि माळव्यातले मराठी यांत प्रत्यक्षात फारसे साम्य नाही, हे मला माहीत आहे, तिला जे जाणवले ते साम्य वेगळ्या जातीचे होते. दुसऱ्या भाषेच्या शेजारात वाढलेले मराठीही साहित्यात मानाने बसू शकते, हे तिला एका दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून कळले. ‘शाळा’ तिला आवडली होती, पण असे काही तिने ‘शाळा’विषयी म्हटले नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर एक निरीक्षण. शिरोडकर आपल्याला जोशीला दिसते तेवढीच दिसते. कथा त्याने सांगितलेली असल्यामुळे हे स्वाभाविक आहे, आणि त्या वयाचे वेड दाखवण्यासाठी ते आवश्यकही असावे, पण मुली वाचताना “तिला काय वाटतं?” असे विचारतात आणि त्यांना पुरेसे उत्तर मिळत नाही. लंपनची मैत्रीण सुमीसुद्धा लंपनच्याच नजरेतून येते, तरी ती त्याच्याहून शहाणी आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते, त्यामुळे मुली तिच्यावर खूश असतात. माझ्या गटापुरते हे खरे आहे. सगळीकडे तसेच असेल असे नाही.

‘वनवास’वर मुलांचे दोन आक्षेप असतात आणि दोन्ही खरे आहेत. लंपन त्यांच्याहून लहान आहे, आणि “काही घडतच नाही.” पहिल्यावर उपाय नाही, मी एवढेच सांगतो की सांगणारा लहान असला तरी त्याचे एकटेपण लहान नाही. दुसऱ्यावर थोडा उपाय आहे: पहिली कथा मुलाच्या हाती न देता मोठ्याने वाचून दाखवावी. लंपनचे ‘मॅड’ आणि त्याचे भलतेच मोठे, विचित्र आकडे कानावर पडले की मुले हसतात, आणि एकदा हसली की त्या संथपणाला सरावतात. वाचताना च आणि ज यांचे उच्चार आपण नीट करावेत, कारण हिंदी शाळेतल्या मुलाला ते लिपीवरून कळत नाहीत. आणि कथा सुट्या असल्यामुळे परीक्षेच्या दिवसांत एखादी वाचून पुस्तक ठेवून देता येते. तीनशे पानांच्या ‘शाळा’चा धागा मधेच तुटला तर पुन्हा धरायला जड जातो, असा माझा अनुभव आहे.

प्रकाश नारायण संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव, कराडला भूगर्भशास्त्र शिकवत होते, आणि लंपनच्या कथांखेरीज त्यांचे लेखन थोडे आहे. मुलांना हे सांगावे. शिक्षक असलेला माणूस मुलाच्या मनातले इतके बारीक लिहू शकतो, याचे त्यांना मोठे नवल वाटते, आणि त्या नवलात त्यांच्या स्वतःच्या शिक्षकांविषयीचे मत डोकावते.

मी गटासाठी ‘वनवास’ घेतले. आमच्या घरची जुनी प्रत २००१ साली इंदूरला साहित्य संमेलन झाले तेव्हाच्या ग्रंथप्रदर्शनातून आलेली होती, तिच्यामुळे माझे मन आधीच थोडे झुकलेले असणे शक्य आहे. वाचणाऱ्याने तेवढी वजावट करून घ्यावी. ज्याच्या घरी रोज मराठी वर्तमानपत्र येते, ज्याने महाराष्ट्रात दोन-चार वर्षे काढली आहेत किंवा जो दहावी ओलांडून स्वतःच्या खोलीत, कोणाला काही न विचारता वाचतो, त्याला मात्र मी ‘शाळा’च आधी देईन आणि त्यावर काही विचारणार नाही. बाकीच्यांना ‘वनवास’, मग ‘शारदा संगीत’, आणि नववीचा निकाल लागला की ‘शाळा’. दोन्ही पुस्तके इथल्या दुकानांत सहजी मिळत नाहीत. मागवायला टाकताना ‘शाळा’चीही एक प्रत बरोबर मागवावी आणि कपाटात ठेवून द्यावी. घरातले मूल ती कधी काढते ते आपल्याला कळेलच, कारण त्या दिवसापासून दार लावलेले असेल.