स्वतःचे म्हणून विकलेले सॉफ्टवेअर : शिरोलीतील आमचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही एका विक्रेत्याकडून ईआरपी, म्हणजे खरेदी, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, घेतले. हे सॉफ्टवेअर आपल्याच माणसांनी लिहिले आहे असे त्याने सांगितले, कोटेशनवरही तसेच छापले होते, आणि दर वापरकर्त्यामागे वर्षाला ९,००० रुपये लायसन्स फी ठरली. आमचे १८ वापरकर्ते. तीन वर्षांत ४,८६,००० रुपये आम्ही केवळ वापरण्याच्या परवानगीपोटी भरले. बसवणे, शिकवणे आणि फेरबदल यांचा खर्च वेगळा.

कास्टिंग ज्या हीटमधून, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूतून, ओतले तिचा नंबर टेस्ट सर्टिफिकेट आणि बिलापर्यंत सोबत जावा, ही आमची मुख्य गरज होती, कारण ग्राहकाकडे एखादा नग नापास झाला की त्या हीटचा सगळा माल शोधून काढावा लागतो. हे काम विक्रेत्याने करून दिले आणि ते चालतही होते. म्हणूनच आम्ही आत काय आहे ते कधी विचारले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यासाठी प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल असे सांगून विक्रेत्याने ८५,००० रुपये मागितले. आमच्या अकाउंट्समध्ये नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने स्वतःच दर बदलून पाहिला, तर बिल सेव्ह होईना. पडद्यावर एररच्या दहा-बारा ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत एका फाइलचा पत्ता होता आणि त्या पत्त्यांत ‘फ्रॅपे’ व ‘ईआरपीनेक्स्ट’ हे शब्द पुन्हापुन्हा येत होते. ती म्हणाली, “सर, आधीच्या कंपनीत मी हेच वापरत होते. वरचा लोगो तेवढा वेगळा आहे.”

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने तयार केलेले ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असे, सॉफ्टवेअर आहे. ते जीपीएल या खुल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मिळते आणि वापरकर्त्यांच्या संख्येवर त्याची कोणतीही लायसन्स फी नाही. ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे, त्यात हवे ते जोडून देण्याचे पैसे कोणीही घ्यावेत. तो रास्त धंदा आहे आणि ते पैसे आम्ही आनंदाने दिलेही होते. पण हा परवाना घेऊन कोणाला वापरण्यापासून अडवता येत नाही, आणि प्रत दिली की सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रामही, द्यावा लागतो. आमचा सर्व्हर आमच्याच ऑफिसात असूनही त्याचा मुख्य पासवर्ड मात्र विक्रेत्याकडे होता.

यंत्र आमचे असल्यामुळे बाहेरच्या एका इंजिनिअरकडून आम्ही ते उघडून घेतले. त्याने मूळ १३ व्या आवृत्तीशी ताडून पाहिले, तेव्हा ३७ मूळ फाइलींमध्ये थेट खाडाखोड केलेली आढळली. कराचा दर मास्टरमध्ये, म्हणजे पडद्यावरून कधीही बदलता येणाऱ्या नोंदीत, असायला हवा. इथे २८ हा आकडा विक्री-बिलाच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेला होता. या सॉफ्टवेअरमध्ये आपले फेरबदल वेगळ्या कस्टम ॲपमध्ये ठेवण्याची सोय आहे. तसे केले असते तर मूळ गाभा स्वच्छ राहून पुढच्या आवृत्त्या घेता आल्या असत्या. आमच्या बाबतीत नवी आवृत्ती घेतली असती, तर हीट नंबरचे सगळे काम पुसले गेले असते. प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी आम्ही त्याच दारात का जात होतो, हे त्या दिवशी उलगडले.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी केलेल्या जोडणीची गोष्ट याहून वाईट होती. ‘ऑटोमॅटिक इंटिग्रेशन’ म्हणून आम्ही दरमहा ६,५०० रुपये भरत होतो. टॅलीतला एडिट लॉग, म्हणजे कोणती नोंद कधी झाली याची यादी, पाहिला, तर व्हाउचर (हिशेबाच्या नोंदी) रात्री अकरा ते एकच्या दरम्यान, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पडलेले होते. प्रोग्रामने ते काही सेकंदांत टाकले असते. विक्रेत्याच्या ऑफिसातून कोणीतरी दूरवरून आत शिरून ते हाताने भरत होते, म्हणजे आमचे दर आणि ग्राहकांची नावे एक अनोळखी माणूस रोज वाचत होता. पैशांपेक्षा हे मला जास्त लागले.

ईआरपी घेणाऱ्यांनी सॉफ्टवेअरचे मूळ नाव व परवाना परचेस ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड पहिल्या दिवशी ताब्यात घ्यावा आणि फेरबदल कोणत्या ॲपमध्ये केले आहेत ते उघडून दाखवायला सांगावे. जोडणी दाखवताना आपल्यासमोर एक बिल करून ते टॅलीत किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहावे. आम्ही एवढे केले असते तरी पुरे होते.

आम्ही वकिलांमार्फत नोटीस पाठवली. ‘लायसन्स फी म्हणजे सेवाशुल्कच होते’ असे उत्तर आले. प्रत्येक बिलावर मात्र ‘सॉफ्टवेअर लायसन्स, १८ युजर’ असेच छापलेले आहे, आणि ती तिन्ही बिले आम्ही वकिलांकडे दिली आहेत.