अ‍ॅडोलसन्स: इमोजीमागचा छळ

माझी लेक आठवीत आहे. म्हणून मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही ब्रिटिश मालिका आधी मी एकटीनं पाहिली, मग तिच्यासोबत. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये.

दुसऱ्या भागानं मला मुळापासून हलवलं. तेरा वर्षांच्या जेमीवर त्याच्याच शाळेतल्या केटीच्या खुनाचा आरोप आहे. त्याच्या इन्स्टाग्रामवर केटीनं टाकलेले इमोजी पोलिसांना मैत्रीचे वाटतात. तपास अधिकाऱ्याचा स्वतःचा मुलगा त्याला बाजूला घेऊन खरा अर्थ सांगतो, की ते जेमीला हिणवणारे आहेत, तेव्हा त्या बापाचा चेहरा बघा. मी मालिका तिथेच थांबवली. लेकीला विचारलं, "तुला हे माहीत होतं?" ती म्हणाली, "आई, वर्गात सगळ्यांना माहीत असतं." त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

एरवी अशा मालिकांत एक दुष्ट, एक बिचारा असतो. इथे केटीचाही उघडा फोटो मुलांमध्ये फिरलेला असतो. पण जीव गेलेल्या केटीची बाजू फार थोडी येते, तिच्या घरात कॅमेरा जातच नाही. हे मला खुपलं.

तिसरा भाग फार ताणाचा आहे. मुलांना एकट्यानं बघू देऊ नका, शेजारी बसा.