जुन्या कब कॅडेटमध्ये हाय-ट्रॅन ऑइल: दोन उन्हाळ्यांचा अनुभव

हाय-ट्रॅन म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ट्रॅक्टरच्या ड्राइव्हमध्ये घालायचं ऑइल. आधी मशीनबद्दल सांगतो, कारण ऑइल चांगलं की वाईट हे ते कशात घातलंय त्यावर ठरतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं कब कॅडेट १४५०, १९७६ सालचं, पिवळं-पांढरं. कोहलरचं एका सिलिंडरचं १४ हॉर्सपॉवरचं इंजिन. गवत कापायचं मशीन म्हणून विकलं गेलं, पण मागचा सगळा भाग बिडाचा आहे आणि बांधणी छोट्या ट्रॅक्टरची. चालवताना गिअर टाकायचे नाहीत. लिव्हर पुढं ढकलला की पुढं जातं, मागं ओढला की मागं येतं. हीच ती हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह.

आम्ही आयोवात, डॅव्हनपोर्टच्या बाहेर राहतो. घरामागं सव्वा एकर गवत आणि शेवटी ओढ्याकडं उतार. मशीन घेतलं त्या पहिल्या मोसमात एक गोष्ट लक्षात आली. गार असताना ते कुठलाही चढ चढायचं. अर्धा तास कापून झालं, तापलं, की ओढ्याकडून वर येताना इंजिन जोरात आणि चाकं मात्र हळूहळू थांबत. आतून आवाज यायचा, विहिरीवरची मोटर पाणी संपल्यावर हवा ओढायला लागते ना, अगदी तसा.

मागची लेव्हल तपासायचा बोल्ट काढून तार बुडवून पाहिली. तारेवर आलं ते दूध जास्त घातलेल्या चहाच्या रंगाचं. तासगावला दादाला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, "अरे, पाणी गेलंय त्यात. त्यात वरून नवीन ओतत बसू नकोस, सगळं काढ." आणि मी नेमकं तेच केलं होतं. आधीच्या मालकानं मशीनबरोबर अर्धी बादली ऑइल दिलं होतं, लेबलवर 'सर्व ट्रॅक्टरसाठी' आणि '३०३' असं छापलेलं. कमी दिसलं म्हणून त्यातलं दोनदा घातलं होतं.

त्या ३०३ बद्दल इथं सांगायलाच हवं. ३०३ हे जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचं ऑइलच्या दर्जाचं फार जुनं प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड. त्या काळी त्यात स्पर्म व्हेल देवमाशाचं तेल असायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ते बंद झालं आणि ते प्रमाणही मागं पडलं. आकडा मात्र स्वस्त बादल्यांवर पुढं कित्येक वर्षं छापला जात राहिला. मिझुरी राज्यानं २०१७ साली अशा ऑइलची विक्री थांबवली. ज्या प्रमाणावर आज कुणी तपासूच शकत नाही, ते नाव वाचून लोक आपल्या मशीनमध्ये ऑइल ओततात, याचा मला मनापासून राग येतो.

ऑइलला एवढं महत्त्व का, ते थोडक्यात. या ड्राइव्हमध्ये इंजिन एक पिस्टनचा पंप फिरवतं. पंपातल्या तिरप्या तबकडीचा कोन लिव्हरनं बदलतो, तेवढं ऑइल दाबानं मोटरकडं जातं आणि मोटर चाकं फिरवते. म्हणजे ऑइल इथं नुसतं वंगण नाही. जोर तेच वाहतं, उष्णता तेच काढून नेतं, आणि या मॉडेलमध्ये मागचे गिअरही त्याच ऑइलमध्ये बुडलेले असतात. त्यात पाणी किंवा हवा मिसळली की तापल्यावर जोर जाणारच.

मग गेलो लाल दुकानात. आमच्या भागात हा शब्दप्रयोग सगळ्यांना कळतो: लाल म्हणजे इंटरनॅशनलचे ट्रॅक्टर, हिरवे म्हणजे जॉन डिअरचे. नदीपलीकडं मोलीनला जॉन डिअरचं मुख्यालय, त्यामुळं आसपास सगळं हिरवं. आणि तिथंच रॉक आयलंडला इंटरनॅशनलचा फार्मऑल ट्रॅक्टरचा कारखाना होता, जो १९८५ साली बंद पडला. काउंटरवरच्या गृहस्थांचे वडील त्या कारखान्यात होते. मी मॉडेलचा आकडा सांगितला, त्यांनी पुस्तक न उघडता सांगितलं: सात क्वार्ट हाय-ट्रॅन, फिल्टर आणि मागच्या झाकणाचं पॅकिंग. सात क्वार्ट म्हणजे साडेसहा लिटरच्या थोडं वर. गॅलनचे दोन कॅन घेतले. फिल्टर आणि पॅकिंग धरून शंभर डॉलरच्या आत बसलं. बादलीतल्या ऑइलपेक्षा महाग आहे, हे खरं.

मी त्यांना सांगितलं, माझ्या वडिलांकडं बी-२७५ होता. इंटरनॅशनलनं महिंद्र आणि व्होल्टासबरोबर १९६३ साली कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला हे ट्रॅक्टर बनायला लागले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. अण्णांनी तो जुनाच घेतलेला. ऑइल बदलायचं झालं की ते पहिले चार थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचे, मग वास घ्यायचे. ते दुकानदार लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "माझे वडीलही तेच करायचे."

काम एका शनिवारी केलं. आधी वीस मिनिटं मशीन चालवून ऑइल कोमट करून घेतलं, नाहीतर गाळ खालीच बसून राहतो. खालचा बोल्ट सोडला. बरंच आलं, पण सगळं येत नाही, आणि याच जागी बहुतेक जण थांबतात. मागचं झाकण काढाच. माझ्या मशीनमध्ये तळाला बोटभर राखाडी चिखल होता, साजूक तुपाच्या बेरीसारखा चिकट. तो ओतून निघत नाही, हातानंच पुसून काढावा लागतो. फडकं धागे न सुटणारं घ्या, कारण एक धागा आत राहिला तरी तो फिल्टरकडं जाणार. जुनं पॅकिंग खरवडायलाच मला पाऊण तास लागला. घाई करून बिडाच्या तोंडाला ओरखडा पाडला, तर नव्या पॅकिंगचा उपयोग राहणार नाही.

नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचा हात फिरवला आणि तो हातानंच आवळला. तपासणीच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत भरलं. नंतर पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन मंद ठेवून लिव्हर पुढं-मागं, पुढं-मागं, अगदी सावकाश. आतली हवा निघते ती याच वेळी. पहिले दोन मिनिटं तोच मोटरीचा आवाज आला, मग तो बारीक होत गेला आणि थांबला. माझी मुलगी शेजारी उभी होती. तिला फरक माझ्याआधी कळला. लेव्हल परत पाहिली तर थोडी उतरली होती, ती पुरी केली. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात देऊन आलो, तिथं पैसे न घेता ते ठेवून घेतात.

आता निकाल. दोन मोसम झाले, ओढ्याकडचा चढ मशीन तापलेलं असतानाही चढतंय. जुलैच्या कडक उन्हात तासाभरानं किंचित मंदावतं, तेवढी पंपाची झीज झालेलीच आहे आणि ती कुठलंच ऑइल भरून काढणार नाही. झिजलेला पंप बरा होईल म्हणून कुणी हे घेऊ नये.

मला याचा जो गुण सर्वांत मोलाचा वाटतो, तो पाण्याशी वागण्याचा. मोठ्या रिकाम्या जागेत दमट हवा गार झाली की आत पाणी धरतंच. हाय-ट्रॅन ते पाणी अंगात मिसळून घेतं आणि पांढुरकं होतं. ज्या ऑइलला हे जमत नाही, त्यात पाणी तळाशी बसतं, गंज आणतं, आणि आयोवाच्या जानेवारीत गोठून फिल्टरची वाट अडवतं. आम्ही याच मशीननं बर्फ ढकलतो. दोन्ही हिवाळ्यांत पहिल्या झटक्याला लिव्हर हलला. रंग दुधाळ दिसला की बदलायची वेळ झाली, ही खूणही त्याच गुणातून मिळते.

एक मात्र करू नका. हायड्रोस्टॅटिक दिसलं की हेच घालायचं, असं नाही. पुष्कळ नव्या मशीनमध्ये टफ टॉर्क कंपनीचं के४६ हे हायड्रोस्टॅटिक युनिट असतं. त्याला इंजिन ऑइलच्या जातीचं लागतं, ५डब्ल्यू-५० सिंथेटिक. शिवाय त्याला खाली सोडायचा बोल्टच नसतो, पूर्ण युनिट उतरवून उलटं करावं लागतं.

दुसऱ्या कॅनमधलं क्वार्टभर उरलं, ते शेडमध्ये वरच्या फळीवर झाकण घट्ट लावून ठेवलंय. परवा बोल्ट काढून तार बुडवली. मधासारखं स्वच्छ. दोन थेंब बोटांत चोळून पाहिले आणि दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "अण्णांनी वासही घेतला असता. घेतलास का?"

घेतला होता.