व्हिला साराचेनो: धान्याच्या माळ्याखालचा मुक्काम

16 व्या शतकातला इटालियन स्थपती पॅलाडिओ याचे घर म्हणजे खांबांची रांग आणि घुमट, अशा अपेक्षेने इटलीतल्या फिनाले गावी गेलात तर हिरमोड ठरलेला. विचेन्झा शहराच्या दक्षिणेला सुमारे 30 किमीवरच्या त्याच्या व्हिला साराचेनो या घराच्या दर्शनी बाजूला एकही खांब नाही. पायऱ्या, तीन कमानींची ओसरी, वर त्रिकोणी माथा, बस्स. बियाजो साराचेनो या विचेन्झाच्या सरदारासाठी 1540 च्या दशकात उभे राहिलेले हे शेतावरचे घर. त्याची खरी हुशारी कळायला खालून वर पाहत जावे लागते.

राहायचा मजला जमिनीपासून 5 विचेन्झी फूट (तिथले जुने माप) उंच, म्हणजे जवळजवळ 1.8 मीटर. एवढे जोते नुसत्या ऐटीसाठी वाटते, पण त्याच्या पोटात तळघर आहे. सखल, ओलसर मैदानात खोल खणले की पाणी झिरपणारच. त्यापेक्षा घरच वर उचललेले बरे. डोक्यावर संपूर्ण घरभर पसरलेला धान्याचा माळा. वळचणीखालच्या छोट्या खिडक्या त्याच्याच.

मधल्या मजल्यावर टेप घेऊन फिरा. मोठ्या खोल्यांची लांबी रुंदीच्या 1.625 पट: रुंदी 16 फूट धरली तर लांबी 26. उंची रुंदीइतकीच आणि छत लाकडी तुळयांचे. ओसरीलगतच्या लहान खोल्यांना मात्र कमानदार छत. त्याचा माथा मोठ्या खोल्यांच्या छताच्या पातळीला आणून ठेवला आहे, म्हणून वरच्या माळ्याची जमीन सलग राहते. पोती ओढताना मध्येच पायरी लागली असती, तर या सगळ्या प्रमाणांचे कौतुक धान्य वाहणाऱ्याला कशाला असते?

भिंती विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. दगड मोजक्याच ठिकाणी. अशा भिंतीला कोणी सिमेंट फासले की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि पोपडे सुटतात. जुन्या घराची डागडुजी करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

एक गफलत बहुतेक पाहुणे करतात. पॅलाडिओच्या 1570 च्या ग्रंथातल्या नकाशात घराला दोन्ही बाजूंनी खांबांच्या लांब पडव्या आहेत. प्रत्यक्षात त्याच्या रचनेपैकी मुख्य घरच पुरे झाले. उजवीकडची देखणी पडवी 19 व्या शतकातली आहे. तिचे फोटो ‘पॅलाडिओ’ म्हणून मिरवू नका.

जुन्या वास्तू दुरुस्त करून मुक्कामाला देणाऱ्या ब्रिटनच्या लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने घर दुरुस्त केले असून ते मुक्कामासाठी अख्खे भाड्याने मिळते, 16 जणांची सोय आहे. स्वयंपाक आपला आपण करायचा. (मूळ रचनेत स्वयंपाकघर घराबाहेर, पण जोडलेले होते.) दोघांनाच जायचे असेल तर एवढे घर घेण्यात अर्थ नाही, दोन-तीन कुटुंबे मिळून गेली तर खर्च विभागला जातो. गाडी हवीच.

त्याच फेरीत पोयाना माज्जोरे गावातले पॅलाडिओचेच व्हिला पोयाना उरका. तिथल्या कमानीभोवती पाच गोल झरोके आहेत. साराचेनोत हात आखडता घेतलेला हाच स्थपती तिथे थोडा खेळकर झालेला दिसतो.