हायब्रीड गाडी: आठ महिने, ११,२०० किलोमीटर, मुक्काम बेळगाव

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी थांबली की बाबा अजून मान पुढे काढून विचारतात, "बंद पडली काय रे?" बंद पडत नाही. इंजिन गप्प होतं, एसी चालूच राहतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर बॅटरीवर फिरतो. एप्रिलमध्ये मालगाडी जाईपर्यंत आम्ही सात-आठ मिनिटं तसेच गारव्यात बसायचो आणि शेजारचा रिक्षावाला आमच्याकडे बघत घाम पुसायचा. बॅटरी फारच उतरली तर इंजिन आपणहून जागं होतं, थोडा वेळ घुरघुरतं, पुन्हा गप्प. या गाडीचे पैसे वसूल होतात ते असल्या गेटवर, हायवेवर नाही. घेण्याआधी हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर, आणि जेमतेम पाऊण युनिट वीज मावेल एवढी बॅटरी. हिला चार्जरला लावायचं नसतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला किंवा ब्रेकवर ठेवला की मोटरच डायनामो होते आणि बॅटरी भरते. नुसत्या बॅटरीवर फार तर दीड-दोन किलोमीटर जाते. पण गणपत गल्ली, खडे बाजार, किर्लोस्कर रोड असं रांगत फिरताना तेवढंच तर लागतं. दहा पावलं चाल, थांब, पुन्हा दहा पावलं.

आता आकडे. गावात २४ चं ॲव्हरेज पडतं. कोल्हापूरला पाच माणसं, एसी आणि शंभरचा वेग धरून गेलो तर १८.५. वंटमुरीचा घाट, पुढे तवंदीचा घाट, सगळं त्यातच आलं. कागदावरचा आकडा २८ च्या घरातला आहे, तो मी आजवर पाहिलेला नाही. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग बॅटरी भरणार कशी? इंजिनच ओढत राहतं, वर बॅटरी-मोटरचं वजन. आणि थंडीत निव्वळ दोन किलोमीटरची फेरी असेल तर गावातलंही गणित फसतं. जानेवारीत सकाळी पोरांना कॅम्पातल्या शाळेत सोडायला निघालो की इंजिन आधी स्वतः तापून घेतं, तोवर शाळा आलेली असते. त्या फेरीला १३ च्या वर आकडा जात नाही. तीच गाडी नंतर बाजार, बँक, उद्यमबाग करत फिरवली की दुपारपर्यंत २५ दाखवते.

आधीची पेट्रोल ऑटोमॅटिक एकंदर १३ द्यायची, हिचा गाव-हायवे मिळून २२ पडतो. पेट्रोल १०३ रुपये धरलं तर किलोमीटरला सव्वातीन रुपये वाचतात. आमचं फिरणं महिन्याला चौदाशे किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार. तशाच साध्या ऑटोमॅटिकपेक्षा मला ही तीन लाखांनी महाग पडली. भागाकार करा: साडेपाच वर्षं. पूर्वी दहा दिवसांनी पंपावर जायचो, आता वीस दिवसांनी जातो. (पंपावरचा पोरगा कन्नडमध्ये "एष्ट हाकलि री?", म्हणजे किती घालू, म्हणाला की पुण्याची मेव्हणी दरवेळी विचारते, कुणी हाकलली?)

महाग पडण्यात टॅक्सचा वाटा मोठा. दहा ते वीस लाखांच्या गाडीला कर्नाटकात रोड टॅक्स १७ टक्के, वर सेस. तीच पेट्रोल गाडी महाराष्ट्रात १२ टक्क्यांत सुटते. उत्तर प्रदेशाने तर २०२४ मध्ये अशा हायब्रीडचा रजिस्ट्रेशन टॅक्सच माफ केला. पाहुण्यांनी सुचवलंच, "कोल्हापूरचा पत्ता देऊन एमएच-०९ करून टाक की." सीमाभागात हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. पण गाडी बारा महिन्यांवर दुसऱ्या राज्यात राहिली की नंबर बदलावा लागतोच. गपचूप केए-२२ घेतली.

विजेवरची का नाही घेतली? तिला जीएसटी पाच टक्केच आहे, खरं. पण आमचं घर शहापूरच्या बोळात, गाडी उभी असते दोन गल्ल्या सोडून. चार्जिंगची वायर तिथपर्यंत ओढायची कशी?

घाटाबद्दल थोडं सविस्तर. सुट्टीत जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्यातून गोव्याला उतरलो. अर्ध्या घाटात बॅटरी पूर्ण भरली. भरल्यावर ती आणखी वीज घेत नाही, मग उतारावर गाडी आवरायला इंजिनच जोरात फिरवलं जातं. पेट्रोल जळत नाही, पण आवाज असा की बायको ओरडली, "ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ की!" माझे दोन्ही पाय मोकळे होते. येताना चढाला उलट तऱ्हा: पाय दाबला की आधी आवाज चढतो, वेग मागून येतो. ओव्हरटेक करायचा तर जरा आधी दाबायचं, सवय होते.

डिकीबद्दल मात्र सवय होत नाही. खाली बॅटरी असल्याने तळ उंच आहे. खानापूरहून आणलेलं २५ किलो तांदळाचं पोतं आडवं टाकलं, शेजारी आईची बॅग ठेवली, आणि झाकण लागेना. शेवटी बॅग पोरांच्या पायाशी. चौथीच्या गणपतीला मूर्ती सरळ पुढच्या सीटवर, मांडीवर घेऊनच आणली.

मुकी गाडी हा आणखी एक ताप. गल्लीत मागून आलेली कळत नाही, म्हातारी माणसं दचकतात. गाईंना तर हॉर्नचंही काही वाटत नाही.

आणि फजिती. मे महिन्यात बारा दिवस गावी होतो, डिकीतला दिवा राहिला होता चालू. आल्यावर बटण दाबलं तर गाडी ढिम्म. मोठी बॅटरी शाबूत, पण गाडीचा संगणक जागा होतो तो साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि तीच गेलेली. उद्यमबागेतला ओळखीचा मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, नारिंगी केबली बघून दोन पावलं मागे सरला. "ह्याला मी हात लावणार नाही ओ." बरोबरच होतं त्याचं, नारिंगी म्हणजे हाय व्होल्टेज. मग मॅन्युअल उघडून दोघांनी छोट्या बॅटरीचीच टोकं शोधली, त्याच्या गाडीवरून जंप दिला, पाच मिनिटांत रेडीचा दिवा लागला. उलटं, म्हणजे हायब्रीडवरून दुसऱ्याची गाडी चालू करायला जाऊ नये, असं त्याच पानावर लिहिलंय. मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी आहे, त्यामुळे तिची धास्ती नाही. या छोटीची आहे.

निपाणीचा मावसभाऊ रोज कोल्हापूरला जा-ये करतो. त्याने गेल्या महिन्यात विचारलं, घेऊ का? मी त्याला १८.५ चा आकडा सांगितला. त्याने डिझेल बुक केली.