लाइनच्या क्षमतेचे रूपांतर करणारे मोफत अ‍ॅप : आकडे अचूक, उत्तर अर्धवट

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांची कार्यालये आणि सोलापूर शहरातील पतसंस्था यांच्याकडे टेलिफोन एक्स्चेंज व लीज लाइन (एकाच ग्राहकासाठी राखून दिलेली जोडणी) जोडून देण्याचे काम करताना ‘या लाइनवर एका वेळी किती जण बोलू शकतील?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. असे हिशेब झटपट करून देणारी एककांच्या रूपांतराची अनेक मोफत अ‍ॅप्स मिळतात. त्यांपैकी एक मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. त्यातील वजन, तापमान, क्षेत्रफळ हे विभाग मी पाहिलेले नाहीत. हे परीक्षण केवळ दूरसंचार लाइनच्या विभागाचे आहे.

प्रथम चांगली बाजू. अ‍ॅपमधील मूळ आकडे तपासून पाहिले असता सर्व बरोबर आढळले. एका आवाजवाहिनीसाठी सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट). अशा ३२ खाचांची, म्हणजे वाहिन्यांच्या जागांची, ई-१ लाइन २.०४८ एमबीपीएसची (सेकंदाला इतके दशलक्ष बिट), अनेक ई-१ एकत्र नेणारी ई-३ ही ३४.३६८ आणि त्याहून मोठी एसटीएम-१ ही १५५.५२ एमबीपीएसची. अमेरिकेतील टी-१ (१.५४४) आणि टी-३ (४४.७३६) यादीत सर्वांत वर आहेत, त्यामुळे आपल्याकडे चालणाऱ्या ई-१ पर्यंत पोहोचण्यासाठी दर वेळी यादी खाली सरकवावी लागते. ही गैरसोय किरकोळ आहे. ओसी-३ (एसटीएम-१ चा अमेरिकी जोडीदार) आणि एसटीएम-१ यांचा वेग एकच असल्याचे अ‍ॅप योग्य रीतीने दाखवते आणि इंटरनेट नसतानाही चालते. कारखान्याच्या तळघरातील एक्स्चेंजच्या खोलीत, जिथे मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे हा गुण मोलाचा ठरतो.

अडचण सुरू होते ती भागाकारापासून. ‘एक एसटीएम-१ म्हणजे किती ई-१?’ असे विचारले की अ‍ॅप ७५.९३७५ असे उत्तर देते. गणित म्हणून त्यात काहीही चूक नाही. परंतु प्रत्यक्षात एका एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ बसतात, चौसष्टावी बसत नाही. एसटीएम-१ ची चौकट, म्हणजे एका खेपेत जाणारा बाइटांचा गठ्ठा, ९ ओळी आणि २७० स्तंभांची असते व ती सेकंदाला ८००० वेळा पाठवली जाते. त्यातील पहिले ९ स्तंभ देखरेखीसाठी जातात. उरलेल्या २६१ स्तंभांत प्रत्येक ई-१ ला ४ स्तंभ, म्हणजे ३६ बाइट, दिले जातात. ई-१ चा स्वतःचा माल मात्र ३२ बाइटचाच असतो. उरलेली जागा उपकरणांच्या घड्याळांतील फरक सांभाळण्यासाठी आणि त्या ई-१ वर लक्ष ठेवण्यासाठी लागते. ३ गुणिले ७ गुणिले ३ अशा रचनेने ६३ ई-१ बसतात, त्यांना २५२ स्तंभ लागतात आणि शिल्लक ९ स्तंभ नोंदींत व भरावात (जागा भरण्यापुरत्या निरर्थक बाइटांत) संपतात. थानाच्या लांबीला टॉवेलच्या लांबीने भागून नग काढले आणि दोन टॉवेलांमधली कापणीची पट्टी मोजलीच नाही, तर जे होईल तेच इथे होते.

आवाजवाहिन्यांच्या बाबतीत ही तफावत आणखी वाढते. एसटीएम-१ ला ६४ केबीपीएसने भागून अ‍ॅप २४३० वाहिन्या दाखवते. प्रत्यक्षात ६३ ई-१ आणि प्रत्येकी ३० वाहिन्या असा हिशेब धरला तर १८९० होतात. ई-१ च्या ३२ खाचांपैकी शून्य क्रमांकाची खाच चौकट जुळवण्यासाठी आणि सोळाव्या क्रमांकाची संकेतांसाठी राखीव असते. म्हणूनच पीआरआय (ई-१ वरून मिळणारी टेलिफोन जोडणी) घेणाऱ्या कार्यालयाला ३० जणांचेच बोलणे एका वेळी शक्य आहे, असे सांगावे लागते. अ‍ॅपवर विसंबून कोणी ३२ चा शब्द दिला, तर वाद ग्राहकाशी होणार, अ‍ॅपशी नव्हे. गंमत अशी की टी-१ साठी येणारे २४.१२५ हे वाकडे उत्तर मात्र उपयोगी आहे. २४ वाहिन्यांच्या वर उरलेला तो ०.१२५ चा भाग म्हणजे चौकटीचा खूण-बिट, सेकंदाला ८००० वेळा येणारा, अर्थात ८ केबीपीएस.

एसटीएमच्या शिडीवर वर चढताना मात्र अ‍ॅपवर निर्धास्त विसंबावे. एसटीएम-४ चा ६२२.०८ हा वेग एसटीएम-१ च्या बरोबर चौपट आहे आणि एसटीएम-१६ चा २४८८.३२ हा त्याच्याही चौपट. ई-१, ई-२, ई-३ या जुन्या पद्धतीत तसे नव्हते. चार ई-१ चे ८.१९२ होतात, पण ई-२ चा वेग ८.४४८ आहे, कारण निरनिराळ्या घड्याळांवर चालणाऱ्या लाइन एकत्र करताना भरावाचे बिट घालावे लागत.

दुसरा आक्षेप मूळ सेटिंगवर आहे. अ‍ॅप किलो म्हणजे १०२४ धरून सुरू होते. तसे केले की २०४८ चे नेमके २ होतात आणि ‘दोन एमबीची लाइन’ म्हणणाऱ्या सर्वांचे समाधान होते; पण त्याच सेटिंगवर एसटीएम-१ चा वेग १५१.८७५ दिसतो, जो कोणत्याही उपकरणावर लिहिलेला आढळणार नाही. दूरसंचारात किलो म्हणजे १००० च. सेटिंग बदलता येते, मात्र ती तीन पाने आत दडवलेली आहे. ती बदलल्यावर ई-१ ची क्षमता सेकंदाला ०.२५६ मेगाबाइट अशी योग्य दिसते. त्या हिशेबाने ५०० मेगाबाइटची डिझाइनची फाइल पाठवण्यास साधारण साडेबत्तीस मिनिटे लागतील. शून्याची खाच वगळून १.९८४ एमबीपीएस धरले तर साडेतेहतीसच्या पुढे, आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडी अधिक.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आकडे पडताळण्यासाठी हे अ‍ॅप जरूर ठेवावे. लाइनची मागणी नोंदवणाऱ्याने मात्र ई-३ मध्ये १६ ई-१, एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ किंवा ३ ई-३ आणि ई-१ मध्ये ३० वाहिन्या, एवढे चार आकडे एक्स्चेंजच्या दारावर चिकटवून ठेवावेत. पाचपैकी तीन तारे. ‘प्रत्यक्षात बसणारी संख्या’ असा एक रकाना पुढील आवृत्तीत आला, तर चौथा देण्यास माझी हरकत नाही.