बत्तीस बोअरची दोन सर्व्हिस पिस्तुले : वॉल्थर पीपी की सीझेड ८३?

आत्मसंरक्षणासाठी ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाचा परवाना मिळालेला आहे आणि घ्यायचे तर पोलीस-लष्कराच्या धाटणीचे, उत्तम प्रतीचे पिस्तूल घ्यायचे, असे ज्याने ठरवले आहे त्याच्यापुढे निवड फार मोठी नसते. ९ मिमी बोअर (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास) आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला निषिद्ध असल्यामुळे जगभरातील बहुतेक आधुनिक सर्व्हिस पिस्तुले यादीतून आपोआप गळतात. उरते ते प्रामुख्याने ३२ बोअर, म्हणजे ७.६५ मिमी. त्यातही परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य परवानाधारकासाठी १९८०च्या दशकापासून जवळजवळ बंदच असल्याने जुन्या परवानाधारकाकडून हस्तांतरित होणाऱ्या पिस्तुलांवरच नजर ठेवावी लागते. कानपूरचे रिव्हॉल्व्हर हा चांगला आणि स्वस्त पर्याय आहे, परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मी येथे फक्त वॉल्थर पीपी आणि सीझेड ८३ या दोन पिस्तुलांविषयी लिहितो, कारण दोन्ही मी परवान्यावर बाळगली आहेत आणि वाशीच्या घाऊक बाजारातील व्यवसायामुळे ठाण्याहून ये-जा करताना दोन्ही कमरेला वागवली आहेत.

दोघांची घराणी भक्कम आहेत. पीपी १९२९ साली बाजारात आले आणि पश्चिम जर्मनीच्या पोलिसांकडे ते १९७०च्या दशकापर्यंत टिकून होते. सीझेड ८३ हे चेकोस्लोव्हाक लष्कराच्या सीझेड ८२ या पिस्तुलाचे नागरी भावंड. दोन्हींची नळी फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला, पक्की जोडलेली, दोन्हींत परतीची स्प्रिंग नळीभोवती, आणि दोन्ही उघडायची पद्धतही एकच, म्हणजे ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) खाली ओढून स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे घेऊन वर उचलायची. त्यामुळे साफसफाईच्या सोयीवरून निर्णय होत नाही.

हातात घेताक्षणी सीझेड जिंकते, हे मान्यच करायला हवे. तिची मूठ भरीव आहे, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) १५ काडतुसे बसतात, सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) आणि मॅगझिनचे बटण दोन्ही बाजूंना असल्याने डावखुऱ्या माणसाचीही अडचण होत नाही. वजन साधारण ८०० ग्रॅम असल्यामुळे बत्तीसचा मुळातला सौम्य धक्का आणखी सौम्य वाटतो. रेंजवर माझ्या हातून सीझेडने नेहमीच पीपीपेक्षा आटोपशीर गट दिला आहे, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या अधिक जवळ पडल्या आहेत. पीपीत आठच काडतुसे बसतात, डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे चापानेच घोडा (हॅमर, गोळी उडवण्यासाठी आदळणारा मागचा भाग) मागे ओढून झाडताना, तिचा चाप बराच जड लागतो, आणि ज्याचा तळवा मांसल आहे त्याला मागे येणारी स्लाइड अंगठ्याच्या बेचक्यात ओरखडाही काढू शकते. केवळ रेंजवर चालवण्यासाठी किंवा घरातील तिजोरीत ठेवण्यासाठी पिस्तूल हवे असेल, तर पुढचे वाचण्याचीही फारशी गरज नाही, सीझेड घ्यावी.

रोज बाळगण्याचा विचार सुरू झाला की चित्र बदलते. शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असावे लागते, आणि आपल्याकडच्या हवेत झाकायला सुती शर्टापलीकडे काही अंगावर सोसवत नाही. दुहेरी रांगेच्या मॅगझिनमुळे जाड झालेली सीझेडची मूठ शर्टाखाली उठून दिसते, तर पीपीची चपटी मूठ अंगालगत बसते. ऐरोलीच्या पुलावर वाहतूक खोळंबली आणि सीटबेल्ट लावून तासभर बसावे लागले, तर हा फरक कमरेला स्पष्ट जाणवतो. तरीही केवळ एवढ्यासाठी मी सीझेड सोडली नसती.

माझ्यापुरता निर्णय झाला तो घोडा खाली उतरवण्याच्या प्रश्नावर. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जेथून गोळी सुटते) काडतूस चढवले की दोन्ही पिस्तुलांचा घोडा मागे तणलेला राहतो. पीपीत स्लाइडवरची सेफ्टी खाली दाबली की फायरिंग पिन (काडतुसाला टोचणारी सुई) अडवली जाते आणि घोडा आपोआप खाली येतो. चापाला बोट लावावेच लागत नाही. सीझेड ८३मध्ये ही सोय नाही. तेथे दोनच मार्ग उरतात : घोडा तणलेला ठेवून सेफ्टी लावायची, किंवा अंगठ्याने घोडा धरून, चाप दाबून, तो जिवंत काडतुसावर हलकेच उतरवायचा. ही रचनेतील चूक आहे असे मी म्हणणार नाही. लष्करी शिस्तीत भरणे-रिकामे करणे ठरलेल्या जागी आणि देखरेखीखाली होते, आणि अनेक अनुभवी नेमबाजांना तणलेला घोडा व सेफ्टी हीच पद्धत अधिक पसंत असते.

पण आपल्या शहरात पिस्तूल बाळगणाऱ्याचे जगणे तसे नसते. सकाळी घरातून निघताना ते भरायचे, रात्री परतल्यावर रिकामे करून तिजोरीत ठेवायचे. निवडणूक जाहीर होऊन पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला की पुन्हा रिकामे करायचे, परत मिळाले की पुन्हा तेच चक्र. हे सर्व उंच इमारतीतील फ्लॅटमध्ये होते, जेथे खाली, वर आणि भिंतीपलीकडे माणसे राहतात. मी वाळूने भरलेल्या बादलीकडे नळी रोखूनच हे काम करतो, तरीही मे महिन्यात घामेजलेल्या अंगठ्याखाली घोड्याची स्प्रिंग ताणलेली असताना त्याच हाताने चाप दाबण्याची ती घटका मला कधीच सवयीची झाली नाही. कदाचित हा माझ्या स्वभावाचा भाग असेल. परंतु ज्या कृतीत एखाद्या दिवशीचे दुर्लक्षही चालणार नाही, ती कृती रोज करावी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

पीपीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. चेंबर भरलेले असेल तर घोड्याच्या वर एक छोटी पिन बाहेर येते आणि अंधारातही ती बोटाला लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील काही पिस्तुलांत ती आढळत नाही, म्हणून घेताना बघून घ्यावे. पीपीची सेफ्टी मात्र गोळी झाडण्यासाठी वर ढकलावी लागते, आणि ती दिशा अंगठ्याला अवघड आहे. त्यामुळे घोडा उतरवल्यावर मी सेफ्टी पुन्हा वर करून पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवतो. मग आधी नकोसा वाटलेला तो जड चापच सुरक्षेची हमी होतो.

येथे कोणी म्हणेल की चेंबर रिकामेच ठेवावे, म्हणजे प्रश्नच मिटला. हा विचार अगदी योग्य आहे, आणि तुमची पद्धत तीच असेल तर माझा सीझेडवरचा मुख्य आक्षेप गळून पडतो. माझ्या एका हातात बहुधा रोकडीची पिशवी असते आणि स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून मला तो मार्ग पटला नाही. चेंबर भरून बाळगणाऱ्याने एक काळजी दोन्ही पिस्तुलांत घ्यावी : रोज तेच वरचे काडतूस चेंबरमध्ये चढवू नये, कारण वारंवार आदळून गोळी काडतुसाच्या कवचात आत सरकते. शिवाय बत्तीसच्या काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असते; मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहील असे पाहावे, नाहीतर कडा एकमेकींत अडकतात.

हवामानाच्या बाबतीत पीपी नाजूक ठरते. तिचे चकचकीत ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) देखणे असले तरी खाडीकाठची दमट हवा आणि घाम मिळून मुठीच्या मागच्या पट्टीवर गंज धरायला पावसाळ्यात वेळ लागत नाही. रोज रात्री तेलाचा हात फिरवणे जमणार नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. चामड्याच्या होल्स्टरमध्ये तर कोणतेच पिस्तूल रात्रभर ठेवू नये.

जुने पीपी घेताना, जी यंत्रणा मला इतकी महत्त्वाची वाटते तीच आधी तपासून घ्यावी, कारण झिजलेली सेफ्टी धोकादायक असते. पिस्तूल पूर्ण रिकामे असल्याची खात्री करून, नळी वर धरून, तिच्यात एक पेन्सिल रबराची बाजू आत ठेवून सोडावी आणि सेफ्टीने घोडा उतरवावा. पेन्सिल जराही उडाली तर फायरिंग पिनवर घाव बसतो आहे, असे समजून सौदा तेथेच थांबवावा किंवा आधी जाणत्या कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी. मूळ मॅगझिन किती आहेत तेही विचारावे, कारण सुटे मॅगझिन सहज मिळत नाही. हे सारे समाधानकारक असेल तरच विक्रेत्याला पोलीस ठाण्यात विक्रीची लेखी सूचना द्यायला सांगावे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे ती सूचना दिल्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हस्तांतरण करता येत नाही आणि तोपर्यंत पिस्तूल त्याच्याच परवान्यावर राहते, म्हणून पूर्ण रक्कम आधी देऊ नये.